बलवंतराय मेहता : फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता गावाच्या हाती देऊ पाहणारा माणूस

१९ सप्टेंबर, स्मृतिदिन विशेष

पर्वत पाटिया (सुरत), प्रतिनिधी : तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, बलवंतराय मेहता कोण? झोपेतही सांगेल : १९५७ ची समिती, त्रिस्तरीय पंचायत राज. एका मार्काचा प्रश्न. आमच्या भागात एमपीएससी करणारे आहेत आणि जीपीएससी करणारेही आहेत, दोघांच्या गाईडमध्ये हे नाव आहे. पण हा माणूस कुठला, त्याने आयुष्यभर काय केलं, त्याचा शेवट कसा झाला, असं विचारलं की पोरं एकमेकांकडे बघतात. खरं सांगायचं तर मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं.

आमच्या पर्वत पाटियाचंच नाव घ्या. पाटिया म्हणजे मुख्य रस्त्यावर जिथे गावाच्या नावाची पाटी असते आणि जिथून गावाकडे रस्ता वळतो ती जागा. आपण मराठीत त्याला फाटा म्हणतो. सुरतहून बारडोलीकडे जाणारा मोठा रस्ता सरकारचा, आणि पाटियापासून आत पर्वत गावापर्यंतचा रस्ता पंचायतीचा, असा एकेकाळी सरळ हिशेब होता. तो आतला रस्ता कोणी करायचा, कोणाच्या पैशाने आणि कोणाला विचारून, या प्रश्नाला देशपातळीवर उत्तर देणारा माणूस म्हणजे बलवंतराय मेहता.

पदवी नाकारली, तुरुंग पत्करला

बलवंतराय गोपाळजी मेहता यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९०० चा, भावनगरचा. भावनगर तेव्हा संस्थान होतं. संस्थानी मुलखात शाळा, दवाखाना, रस्ता, जे काही व्हायचं ते दरबाराच्या मनात आलं तर. बरं संस्थान असेल तर बरी कामं व्हायची, पण प्रजेने विचारायची सोय नव्हती. भावनगर त्यातल्या त्यात चांगल्या कारभाराचं संस्थान मानलं जायचं. तरीही कारभार चांगला असणं वेगळं आणि कारभारात आपला शब्द असणं वेगळं, हे या मुलाला लवकर कळलं असावं. पुढचं सगळं आयुष्य त्याने याच एका फरकावर घालवलं.

१९२० मध्ये बीएचा अभ्यास झाला, पण परकीय सरकारची पदवी घ्यायची नाही म्हणून त्यांनी ती घेतलीच नाही. असहकाराच्या चळवळीत उतरले. १९२१ मध्ये भावनगर प्रजामंडळ उभं करण्यात पुढाकार घेतला. लाला लजपतराय यांनी सुरू केलेल्या लोकसेवक मंडळाचे ते आजीव सदस्य झाले आणि पुढे त्याचे अध्यक्षही.

१९२८ च्या बारडोली सत्याग्रहात त्यांचा सहभाग होता. बारडोली आमच्या पाटियापासून तीसेक किलोमीटर. सरकारने शेतसारा वाढवला आणि वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरायला नकार दिला, ती लढाई. गावोगाव माणसं नेमून, रोजची खबर खालून वर आणि वरून खाली पोचवून ती लढवली गेली. खेड्यातला माणूस अडाणी आहे, त्याला कारभार झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यांना बारडोलीने तेव्हाच उत्तर दिलं होतं.

पुढे १९३० ते ३२ चा सविनय कायदेभंग आणि १९४२ चं भारत छोडो. सगळा हिशेब केला तर आयुष्यातली जवळजवळ सात वर्षं त्यांनी तुरुंगात काढली. स्वातंत्र्यानंतर १५ जानेवारी १९४८ रोजी भावनगरच्या महाराजांनी सत्ता लोकांच्या हाती दिली, तेव्हा त्या जबाबदार सरकारचे प्रमुख बलवंतरायच होते. ज्या दरबाराकडे प्रजेचा हक्क मागितला, त्याच राज्याचा कारभार त्यांच्या हाती आला. १९५२ आणि १९५७ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. तिथे अंदाज समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. सरकार पैसा कुठे घालतं आणि त्यातून निघतं काय, हे तपासणारी ही समिती. मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे मला त्यांच्या आयुष्यातली ही पायरी फार महत्त्वाची वाटते. नुसता चळवळीतला माणूस असता तर त्याने भाषण केलं असतं. यांनी आधी वही तपासली.

पैसा गेला, गाव जागचं हललं नाही

२ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. पहिले ५५ प्रकल्प होते. वर्षभराने राष्ट्रीय विस्तार सेवा आली. गटविकास अधिकारी, ग्रामसेवक, शेतीचा माणूस, जीपगाडी, सगळं आलं. रस्ते, विहिरी, शाळा खोल्या अशी कामं निघाली. पण चार-पाच वर्षांत लक्षात आलं की गाडी फक्त सरकारी माणूस ढकलतोय. तो बदलून गेला की काम थांबतं. गावकरी बघ्याच्या भूमिकेत.

हे का होतंय ते शोधायला जानेवारी १९५७ मध्ये समिती नेमली गेली आणि अध्यक्ष झाले बलवंतराय. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला अहवाल आला. सार असं की, ज्याच्यासाठी काम आहे त्याच्या हाती निर्णय, पैसा आणि जबाबदारी दिल्याशिवाय काम त्याचं होत नाही. नुसता सल्ला विचारून भागत नाही. म्हणून गावाला निवडून आलेली ग्रामपंचायत, गटाला पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद, असे तीन मजले. पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता आणि गावच्या रस्त्यांची देखभाल ही ग्रामपंचायतीची बंधनकारक कामं. खरी सूत्रं पंचायत समितीकडे. जिल्हा परिषदेने मेळ घालायचा आणि देखरेख करायची, तिच्या अध्यक्षपदी जिल्हाधिकारी.

राष्ट्रीय विकास परिषदेने १९५८ मध्ये या शिफारशी मान्य केल्या. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानात नागौरला पंडित नेहरूंच्या हस्ते पंचायत राजची सुरुवात झाली.

एक राज्य, मग दोन कायदे

सीमेवरच्या आपल्या वाचकांना पुढचा भाग जास्त जवळचा वाटेल. अहवाल आला तेव्हा भावनगर, सुरत, पश्चिम खानदेश, नागपूर, औरंगाबाद सगळे एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. १ मे १९६० ला राज्य फुटलं. पश्चिम खानदेशातली दीडशेच्या आसपास गावं गुजरातेत गेली. आजच्या उच्छल, निझर भागातले लोक हे जाणतात. एकाच बीजाची दोन रोपं दोन वाफ्यांत लागली, आणि दोन्हीकडचे कायदे १९६१ चेच.

महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वसंतराव नाईकांची समिती नेमली. या समितीने बलवंतरायांचे तीन मजले घेतले, पण वजन हलवलं. सूत्रं गटाऐवजी जिल्ह्याला दिली आणि जिल्हाधिकाऱ्याला बाहेर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकारी आणला. कारण व्यवहारी होतं. इंजिनियर, तंत्रज्ञ, पैसा हे प्रत्येक गटाला पुरेसं मिळणं अवघड, जिल्ह्याला शक्य. रस्त्याचंच बघा. एक रस्ता दोन-तीन तालुके ओलांडतो, आणि तालुक्यागणिक वेगळा मालक असेल तर मधला तुकडा कायम राहतो. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

गुजरातचा कायदा १ एप्रिल १९६३ पासून अमलात आला. तिथेही जिल्हा पातळीला बळ मिळालं. नावं तेवढी वेगळी : जिल्हा पंचायत, तालुका पंचायत, सीईओच्या जागी डीडीओ, बीडीओच्या जागी टीडीओ. म्हणजे बलवंतरायांची शिफारस त्यांच्या स्वतःच्या राज्यानेही जशीच्या तशी घेतली नाही. माझ्या मते यात त्यांचा पराभव नाही. सूत्रं कुठल्या मजल्यावर ठेवायची यावर मतभेद झाले, पण ती लोकांनी निवडलेल्या माणसांच्या हाती असावीत, यावर दोन्ही राज्यांचं एकमत राहिलं.

योगायोग बघा. १९ सप्टेंबर १९६३ रोजी बलवंतराय गुजरातचे दुसरे मुख्यमंत्री झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. पंचायत राजवर अहवाल देणारे दोघे, शेजारशेजारच्या राज्यांत, एकाच वेळी खुर्चीवर.

सीमेवरचं मरण

बलवंतरायांना खुर्चीवर बरोबर दोन वर्षं मिळाली. १९६५ चं भारत-पाक युद्ध चालू होतं. १९ सप्टेंबरला ते मिठापूरहून एका लहान बीचक्राफ्ट विमानाने कच्छच्या सीमाभागाकडे निघाले. बरोबर पत्नी सरोजबेन, कार्यालयातले तीन जण, एक पत्रकार आणि दोघे विमान चालवणारे. कच्छमध्ये सुथरीजवळ पाकिस्तानी लढाऊ विमानाने ते पाडलं. आठही जण गेले. चौथ्या दिवशी युद्धविराम झाला. त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झाले ते सुरतचे हितेंद्र देसाई.

अनेक वर्षांनी, २०११ मध्ये, ते विमान पाडणाऱ्या पाकिस्तानी वैमानिकाने आपल्या वैमानिकाच्या मुलीला पत्र लिहून खेद कळवला, तेव्हा ही गोष्ट पुन्हा बातम्यांत आली. तेवढ्यापुरतं नाव निघालं, मग पुन्हा गाईडमधला एक मार्क.

रस्त्याचा हिशेब आज

त्यांच्या कामाला घटनेचा आधार मिळायला पुढे जवळजवळ तीस वर्षं लागली. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांची यादी अकराव्या परिशिष्टात आली. त्यात तेराव्या क्रमांकावर रस्ते, मोऱ्या, पूल आहेत.

आज साधारण व्यवस्था अशी. महाराष्ट्रात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गुजरातेत गावाकडचे रस्ते मार्ग-मकान खात्याच्या पंचायत शाखेकडे. गावाने ठराव करायचा, तो वर जातो, अंदाजपत्रक होतं, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, काम होतं, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, मग बिल. खात्याच्या भाषेत ३०५४ म्हणजे रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती आणि ५०५४ म्हणजे नवं भांडवली काम. ही लेखाशीर्षं दोन्ही राज्यांत सारखीच. आपल्याकडे नव्या कामाचा नारळ फुटतो, फोटो येतो. जुन्या रस्त्याचा खड्डा बुजवायला मात्र कोणी नारळ आणत नाही.

माझ्या स्वतःच्या गावच्या फाट्यापासूनचा रस्ता पावसाळ्यात वाहून गेला होता. गावाचं नाव सांगत नाही. मी एका कार्यालयात गेलो, ते म्हणाले आमच्याकडे नाही. दुसरीकडे गेलो, त्यांनी तिसरीकडे पाठवलं. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, ग्रामसभेत ठराव केलाय का? केला नव्हता. आम्ही साहेबांकडे गेलो होतो, ग्रामसभेत कोणी गेलंच नव्हतं. बलवंतरायांच्या समितीने १९५७ मध्ये जे दुखणं पकडलं, ते आमच्यातही होतं.

दुखणं वरच्या बाजूलाही आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. रस्ते तेव्हाही झाले, निविदाही निघाल्या. पण आमच्या गटाचा रस्ता का नाही, असं सभागृहात उठून विचारणारा सदस्य नव्हता. सत्तर वर्षांपूर्वीची ती जीपगाडी फिरून दारात आली, असं वाटावं अशी ही अवस्था.

आणि आमचं पर्वत? २००६ मध्ये सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली, त्यात पर्वत, गोडादरा, डिंडोली ही गावं शहरात आली. रस्ते रुंद झाले, दिवे आले, यात शंका नाही. खाडीचं पाणी मात्र अजून पावसाळ्यात घाबरवतं. पण पंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली. आता तक्रार झोन ऑफिसात, किंवा मोबाइलवर. नगरसेवक आहेत, पण सगळ्या गावाने एका जागी बसून हिशेब विचारावा, अशी जागा उरली नाही.

आपल्यातल्या बहुतेकांचं एक घर इकडे आणि एक गाव तिकडे. पाटियावरून निघालेला रस्ता बारडोली, व्यारा, सोनगढ करत नवापूरला पोचतो, आणि नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. गावातलं मतदार यादीतलं नाव अजून तिकडेच असेल तर २ ऑक्टोबर जवळ आलाय. त्या दिवशी ग्रामसभा असते. सुट्टी आहेच. गावी जा आणि एकच विचारा : फाट्यापासूनचा आपला रस्ता कोणाच्या यादीत आहे आणि यंदा ३०५४ मध्ये त्याला किती रुपये धरलेत?