विश्लेषण : डावे पाऊल नसताना १५०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण कसे मिळाले?

फ्रीस्टाइलमध्ये डावी आणि उजवी बाजू सारखीच चालली पाहिजे, असे शिकवले जाते. पण हंगेरीच्या ओलिव्हेर हलाशीला डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तरीही १९३१ मध्ये तो १५०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये युरोपीय विजेता ठरला. हे कसे घडले?

हलाशी कोण होता?

हलाशीचा जन्म ३१ जुलै १९०९ रोजी बुडापेस्टलगतच्या उइपेश्त येथे झाला. लहानपणी ट्रॅमच्या अपघातात त्याने डावा पाय गमावला. त्या काळी ऑलिम्पिकमध्ये अपंगांसाठी वेगळा गट नव्हता. त्यामुळे दोन्ही पाय असलेल्या खेळाडूंशीच त्याला लढावे लागले.

पाऊल नसल्याने काय बिघडते?

पोहताना पाऊल माशाच्या शेपटीसारखे पाणी मागे ढकलते. फ्रीस्टाइलमध्ये प्रत्येक हाताबरोबर शरीर कुशीवर वळते आणि पायांचे फटके तो तोल सावरतात. एका बाजूचा फटका कमी पडला की कंबर आणि पाय खाली जाऊ शकतात, पाण्याचा अडथळा वाढतो आणि दिशाही बिघडू शकते.

मग वेग कुठून येतो?

मुख्यतः हातांतून. १०० मीटरच्या शर्यतीत दोन्ही हातांच्या एका आवर्तनात साधारण सहा फटके मारले जातात. लांब अंतरात अनेक जण दोनच मारतात, कारण मांड्यांचे मोठे स्नायू भरपूर प्राणवायू वापरतात. म्हणजेच १५०० मीटरमध्ये पाऊल नसल्याचे नुकसान तुलनेने कमी. तसे दोन्ही पाय असलेले खेळाडूही पूर्ण समान पोहत नाहीत. एकाच बाजूला श्वास घेण्याच्या सवयीनेही दोन हातांच्या ओढीत फरक पडतो. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असण्यापेक्षा शरीर आडवे आणि स्थिर राहणे महत्त्वाचे असते.

वॉटर पोलो कसा जमला?

तिथे खरी कसोटी होती. या खेळात तळाला पाय टेकवता येत नाहीत. चेंडू फेकताना छाती पाण्याबाहेर काढायची तर पायांचाच जोर लागतो. तरीही हंगेरीच्या संघातून हलाशीने १९२८ मध्ये ऑलिम्पिक रौप्य, तर १९३२ आणि १९३६ मध्ये सुवर्णपदक जिंकले.

शेवट कसा झाला?

१० सप्टेंबर १९४६ रोजी बुडापेस्टमध्ये लुटीच्या हल्ल्यात त्याचा खून झाला. तेव्हा तो अवघ्या ३७ वर्षांचा होता. १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश झाला. पहिली पॅरालिम्पिक स्पर्धा रोममध्ये भरली ती १९६० मध्ये, हलाशीच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी.