विश्लेषण : किड्याला ‘मोठे’च होऊ न देणारे औषध! कॅरोल विल्यम्स यांचा शोध जंगलातील भुंगेऱ्यांपुढे का अडला?

किडा विषाने मारायचा नाही, फक्त त्याला वयात येऊ द्यायचे नाही. वयात आला नाही, तर अंडी नाहीत आणि पुढची पिढीही नाही. कीडनियंत्रणाची ही कल्पना अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ कॅरोल विल्यम्स यांनी मांडली. डासांवर ती लागू पडली. झाडे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांवर मात्र तिची मात्रा फारशी चालली नाही.

विल्यम्स कोण होते?

जन्म १९१६, रिचमंड, व्हर्जिनिया. हार्वर्डमधून १९४१ मध्ये पीएचडी आणि नंतर वैद्यकीय पदवीही. पण त्यांचे ‘रुग्ण’ होते सिक्रोपिया या रेशमी पतंगाचे कोष. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करून ते कोषांवर शस्त्रक्रिया करत. मेंदू काढलेल्या कोषाचा पतंग होत नाही, पण थंडीत राहिलेल्या कोषाचा मेंदू त्यात बसवला की वाढ पुन्हा सुरू होते, हे त्यांनी दाखवले.

‘सोनेरी तेल’ काय होते?

अळीच्या शरीरात बालसंप्रेरक असते. ते भरपूर असेपर्यंत अळी कात टाकूनही अळीच राहते. ते घटले, की प्रौढ होण्याची वाट मोकळी होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ विगल्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात हे उलगडले होते. विल्यम्स यांना १९५६ मध्ये नर सिक्रोपियाच्या पोटात या संप्रेरकाचा साठाच सापडला. ईथर वापरून काढलेले ते सोनेरी तेल नुसते त्वचेवर लावले, तरी काम करत होते. यातूनच कीटकनाशकाची कल्पना पुढे आली.

वर्तमानपत्राने कोडे कसे सुटले?

१९६० च्या दशकात कारेल स्लामा प्रागहून लाल ढेकूण घेऊन हार्वर्डला आले. आपल्याकडे कपाशीवर दिसणारा लाल ढेकूण याच कुळातला. प्रागमध्ये नीट वाढणारी पिल्ले हार्वर्डमध्ये मात्र प्रौढ होईनात. जास्तीची एक कात टाकून ती मरू लागली. दोष निघाला बरणीतल्या कागदी टॉवेलचा! अमेरिकी वर्तमानपत्रांच्या कागदावरही तेच घडले, लंडनच्या कागदावर नाही. कारण अमेरिकी कागदाच्या लगद्यात बाल्सम फर हे झाड होते. त्यात बालसंप्रेरकाची नक्कल करणारे द्रव्य आधीपासूनच होते. १९६६ मध्ये ते वेगळे काढण्यात आले. त्याचे नाव जुवाबिओन.

आर्सेनिकसारखी विषे पहिली पिढी, डीडीटी दुसरी आणि संप्रेरके तिसरी, अशी मांडणी विल्यम्स यांनी १९६७ मध्ये केली. १९७५ मध्ये मेथोप्रीन हे कृत्रिम नकली संप्रेरक अमेरिकेत डासांविरुद्ध वापरात आले.

मग जंगलात अडचण काय?

पहिली अडचण सालीची. खोडात शिरणाऱ्या भुंगेऱ्यांची अंडी, अळ्या आणि कोष सालीखाली असतात, तिथे फवारणी पोहोचत नाही.

दुसरी वेळेची. औषध नेमक्या टप्प्यावरच लागू पडते. डास चावतो प्रौढपणी, त्यामुळे त्याची वाढ रोखली की काम झाले. सालीखाली मात्र अळीही झाड पोखरते. तिचे बालपण लांबवले, तर नुकसानही लांबते.

तिसरी अडचण सर्वांत विचित्र. इप्स गटातील काही भुंगेऱ्यांत हेच संप्रेरक इतर भुंगेऱ्यांना बोलावणारा गंध तयार करायला चालना देते. म्हणजे नकली संप्रेरकाने झाडावर गर्दी वाढण्याचाच धोका!

विल्यम्स चुकले कुठे?

स्वतःच्याच संप्रेरकाविरुद्ध कीटक प्रतिकारशक्ती मिळवू शकणार नाहीत, अशी त्यांची आशा होती. १९७२ मध्येच घरमाशी आणि पिठातल्या भुंगेऱ्याने ती खोटी ठरवली. त्यामुळे ही औषधेही जपून, आलटून-पालटून वापरावी लागतात.

विल्यम्स यांचे १९९१ मध्ये निधन झाले. कीड ओळखून, तिच्या वाढीचा टप्पा पाहून घाव घालायचा, हा त्यांचा धडा टिकला. सालीआडच्या भुंगेऱ्यांसाठी मात्र आजही पोखरलेली झाडे वेळीच तोडून हलवणे आणि गंधसापळे लावणे, यांवरच भिस्त आहे.