काचेत समुद्र ठेवणारा गॉस

गॉस म्हटलं की आपल्याला एकच आठवतो. मॅथ्सच्या पेपरात ज्याचं नाव दिसलं की पोटात गोळा येतो, तो! पण मित्रांनो, घाबरू नका, हा लेख त्याच्यावर नाही. हा गॉस वेगळा. फिलिप हेन्री गॉस, इंग्लंडचा. त्याची माझी ओळख झाली ती माझ्याच एका चुकीमुळे.

माझ्या मामाला खाऱ्या पाण्याच्या टँकचा भारी नाद. दोन वर्षांपूर्वी त्याने एक फेदर डस्टर आणला. हा नळीत राहणारा समुद्री किडा. अंग चामड्यासारख्या नळीत लपलेलं आणि वर पिसांचा गोल तुरा. नुसती हाताची सावली पडली तरी तुरा झपकन आत! दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे गेलो, तर तुरा गळून तळाशी पडलेला. नळी गपगार. मामा ऑफिसला गेला होता. मी आपला इंजिनिअरच्या थाटात किडा मेल्याचं जाहीर केलं आणि नळी उचलून कचऱ्यात टाकली.

होस्टेलवर परत आल्यावर वाचनात आलं, की पाणी बिघडलं, उपासमार झाली किंवा कुणी छळलं तर हा किडा आपणच तुरा टाकून देतो. आत तो जिवंत असू शकतो आणि काही आठवड्यांत नवा तुरा फुटतो. म्हणजे मी बहुधा एक जिवंत जीव कचऱ्यात फेकला होता. त्या रात्री सबमिशन बाजूला राहिलं. हा टँकचा उद्योग मुळात सुरू कुणी केला, हे शोधत शोधत मी गॉसपर्यंत पोचलो.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० चा, वूस्टर गावचा. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी चित्रं काढून देत. घरात पैसा बेताचाच. बालपण गेलं पूल नावाच्या बंदरात. समुद्रातल्या जीवांचं वेड लावलं ते आत्याने. सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, पोराला न्यू फाउंडलंडमधल्या एका पेढीवर कारकून म्हणून धाडलं. दिवसभर हिशेबाच्या वह्या, उरलेल्या वेळात किडे! १८३२ मध्ये त्याने सूक्ष्मदर्शकावरचं एक पुस्तक विकत घेतलं आणि आपण निसर्गाचाच अभ्यास करायचा हे पक्कं केलं. डिग्री नाही, गाइड नाही, लॅब नाही.

पुढची वर्षं म्हणजे बॅकलॉगच बॅकलॉग. कॅनडात तीन वर्षं शेती केली, ती बुडाली. अलाबामात काही महिने मास्तरकी केली. १८३९ मध्ये रिकाम्या हाताने इंग्लंडला परतला. मग पुस्तकं लिहायला लागला आणि तिथे गाडी रुळावर आली. १८४४ ते १८४६ जमैकात राहून तिथल्या पक्ष्यांवर ग्रंथ लिहिला. १८४८ मध्ये एमिलीशी लग्न झालं. १८४९ मध्ये मुलगा झाला, एडमंड. गडी कसला नादिष्ट बघा! त्या दिवशीच्या डायरीत मुलगा झाल्याची नोंद आहे आणि तिला लागूनच जमैकाहून एक हिरवी पाकोळी मिळाल्याची नोंद आहे.

अतिश्रमाने तब्येत ढासळली म्हणून १८५२ मध्ये तो डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला. ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांत उतरायचं, जीव गोळा करायचे आणि घरी काचेच्या भांड्यांत जगवायचे, हा उद्योग सुरू झाला. समुद्री जीव घरात ठेवण्याचा प्रयत्न इतरांनीही केला होता. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने तर १८५० मध्येच दाखवून दिलं होतं की वनस्पती आणि प्राणी योग्य प्रमाणात ठेवले तर पाणी न बदलताही टिकतं. गॉसने हे समुद्राच्या पाण्यात करून पाहिलं. ना पंप, ना फिल्टर. समुद्री शेवाळ आणि खिडकीतला उजेड, एवढ्यावर! १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्याला गॉसने जीव पुरवले. १८५४ मध्ये त्याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द घराघरांत गेला.

समुद्रापासून लांब राहणाऱ्यांचं काय? केमिकलवाल्यांनो, इकडे लक्ष द्या. गॉसने समुद्राच्या पाण्याचं रासायनिक विश्लेषण समोर ठेवून घरच्या घरी समुद्र बनवला. साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. चारच क्षार! चुना त्याने मुद्दाम गाळला. तळाशी पडलेल्या शिंपल्यांच्या तुकड्यांतून तो मिळेल असा त्याचा हिशेब होता. आज मामा पाकिटातलं मीठ विरघळवतो, त्याचं मूळ इथे आहे. फक्त आजच्या मिठात कॅल्शियमही असतं.

नळीतल्या किड्यांवर गॉसचा जीव होता. फेदर डस्टरचा भाऊबंद असलेला सर्प्युला चुन्याची कडक नळी बांधतो आणि आत शिरताना वरून बूच लावून घेतो. तो इतक्या झटकन आत जातो कसा, हे गॉसने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पायांवरचे बारीक आकडे नळीच्या अस्तरात कसे रुततात याचं वर्णन त्याने १८५९ च्या पुस्तकात केलंय. आणि हा तुरा नुसता शोभेचा नाही बरं का. त्यानेच किडा श्वास घेतो आणि त्यानेच पाण्यातले कण गाळून खातो. फेदर डस्टरच्या जातीतल्या किड्यांत तर आपल्या सिव्हिलवाल्यांची सीव्ह ॲनालिसिसच चालू असते. बारीक कण पोटात, मधले नळीच्या बांधकामाला, मोठे बाहेर!

आता कळलं, मामाच्या टँकमध्ये काय घडलं असावं? पाणी अगदी चकचकीत. मशीन सगळे कण काढून टाकत होतं. मासे खुशीत होते, पण या बिचाऱ्याच्या ताटात काही पडतच नव्हतं. त्याला रोज अगदी बारीक खाद्य लागतं, पाण्यात तरंगणारं. आम्ही पाणी स्वच्छ ठेवल्याचा अभिमान बाळगत बसलो.

गॉसचीही गोष्ट काहीशी तशीच झाली. १८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरचा कर उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती आणि वर गॉसची सुंदर रंगीत चित्रांची पुस्तकं! १८५५ मध्ये तर तो लोकांना किनाऱ्यावर नेऊन शिकवत होता. झालं, लोक हातोड्या आणि बरण्या घेऊन खडकांवर तुटून पडले. घरी नेलेले बहुतेक जीव मरत, की पुन्हा नवे आणायचे. डेव्हनची भरलेली डबकी ओकीबोकी झाली. एडमंडने १९०७ मध्ये वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात ही गोष्ट सांगितली आहे. आपल्याच पुस्तकांमुळे आपला लाडका किनारा लुटला गेला याचं गॉसला फार दुःख झालं, असं तो लिहितो.

दुःख तेवढंच नव्हतं. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिली कॅन्सरने गेली. त्याच वर्षी त्याने पृथ्वीचं वय आणि बायबल यांचा मेळ घालणारं पुस्तक काढलं. ते ना शास्त्रज्ञांना पटलं, ना धार्मिकांना. तरी गडी थांबला नाही. छोट्या एडमंडला घेऊन डेव्हनला गेला, समुद्रफुलांवर मोठा ग्रंथ लिहिला, १८६० मध्ये पुन्हा लग्न केलं. १८८६ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, सहकाऱ्याबरोबर पाण्यातल्या सूक्ष्म रोटिफरांवर ग्रंथ काढला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी तो वारला.

मला राहून राहून वाटतं, गॉसचं चुकलं कुठे? त्याने जीव जगवायचे कसे ते मनापासून शिकवलं. पण हजारो लोक एकदम तेच करायला लागले तर किनाऱ्याचं काय होईल, हा हिशेब मात्र राहून गेला. उद्या आपणही काहीतरी बनवणार आहोत. एक नग चालला म्हणून लाख नगही चालतील असं नसतं, हे मला कुठल्या लेक्चरपेक्षा या माणसाने नीट शिकवलं.

गेल्या सुट्टीत मामाने विचारलं, नवा फेदर डस्टर आणू का रे? मी सगळी कबुली दिली. म्हटलं, मामा, आधी त्याला खायला घालायला शिकू, मग बघू. मामा काही बोलला नाही. त्याने मला टँकच्या मागे नेलं. पंपाच्या अंगावर तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या गोल नळ्या चिकटल्या होत्या. दगडांबरोबर आपणहून आलेले नळीतले किडेच ते, कुणी विकत न आणलेले. भिंग लावून बघितलं, तर प्रत्येक नळीतून इवलासा तुरा बाहेर आलेला.

या वेळी मी हात मागेच ठेवले. सावलीसुद्धा पडू दिली नाही.