कॅमेरॉनबाईंचे काचघर

छंदाला वय नसते, असे आपण भाषणात नेहमी ऐकतो. त्याचा पुरावा हवा असेल तर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे चरित्र पाहावे. या बाईंनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्रथम कॅमेरा हाती घेतला आणि पुढील अकरा-बारा वर्षांत जगातील थोर छायाचित्रकारांत जागा मिळवली. आडनाव कॅमेरॉन आणि हाती कॅमेरा, हा मात्र निव्वळ योगायोग!

बाईंचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यास झाला. वडील जेम्स पॅटल हे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, तर आई फ्रेंच घराण्यातील. १८३८ साली कलकत्त्यातच त्यांचा विवाह चार्ल्स हे कॅमेरॉन यांच्याशी झाला. हे गृहस्थ वयाने वीस वर्षांनी मोठे, कायदेपंडित आणि मेकॉलेच्या विधी आयोगाचे सभासद होते. १८४८ साली हे कुटुंब इंग्लंडला गेले आणि १८६० साली वाइट बेटावर फ्रेशवॉटर येथे स्थायिक झाले. कवी टेनिसन त्यांचे शेजारी होते.

पतीचे कॉफीचे मळे सिलोनमध्ये होते. त्यांच्या देखरेखीसाठी ते १८६३ साली तिकडे गेले असता घरी एकट्या असलेल्या आईचा वेळ जावा म्हणून मुलीने आणि जावयाने नाताळची भेट म्हणून कॅमेरा दिला. बाईंनी कोळशाच्या खोलीत अंधारखोली केली, कोंबड्यांना खुराड्यातून मोकळे केले आणि त्या जागी काचेची खोली उभी राहिली. हेच त्यांचे काचघर.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे नुसती कळ दाबणे नव्हते. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी धुवायची. त्या द्रावणाने बाईंची बोटे काळी पडत. नवी काच पतीला दाखवायला त्या तशाच जेवणघरात धावत, आणि टेबलावरच्या चादरींवर कायमचे डाग पडत.

सुरुवातीचे अपयश बाईंनी लपवले नाही. एका शेतकऱ्याला तासाला अर्धा क्राऊन देऊन त्यांनी समोर बसवले, चित्रही चांगले उतरले. पण ओल्या काचेवर त्यांचाच हात फिरला आणि सारे पुसले गेले. पुढे दोन मुलांना एकत्र बसवले, तर ऐन वेळी एकाला हसू फुटले. मग त्यांनी एकट्या ॲनी या लहान मुलीला बसवले आणि ती हलली तर किती श्रम व किती रसायन वाया जाईल, हे तिला कळवळून सांगितले. पोर स्तब्ध बसली. जानेवारी १८६४ मधील या चित्राला बाईंनी आपले पहिले यश म्हटले. आनंदाच्या भरात त्या ॲनीला देण्यासाठी घरभर भेटवस्तू शोधत फिरल्या.

पुढे टीकेचे दिवस आले. छायाचित्रणाच्या नियतकालिकांना त्यांचे फोटो अस्पष्ट वाटत, काचेवरचे ओरखडे खटकत. बाईंचे म्हणणे वेगळे होते. भिंग फिरवता फिरवता चेहरा डोळ्यांना सुंदर दिसला की त्या तिथेच थांबत. इतर लोक आणखी पुढे जाऊन रेघ न् रेघ स्पष्ट करत. ज्याला दोष म्हटले गेले, तीच आज त्यांची ओळख मानली जाते.

त्यांच्या एकेका चित्रामागे एकेक गोष्ट आहे. १८६७ साली शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा फोटो काढताना बाईंनी त्यांना केस धुवून मोकळे सोडायला लावले; म्हणून त्या चित्रात वृद्ध शास्त्रज्ञाच्या डोक्याभोवती पांढरे तेज पसरल्यासारखे वाटते. मेरी रायन ही तर भीक मागताना भेटलेली आयरिश मुलगी. बाईंनी तिला घरी वाढवले. ती घरकाम करी आणि फोटोसाठीही बसे. लंडनच्या १८६५ च्या प्रदर्शनात हेन्री कॉटन या तरुणाचे मन तिच्यावर जडले आणि १८६७ साली दोघांचे लग्न झाले. हेच सर हेन्री कॉटन १९०४ साली मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते!

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला येथे जमाखर्च विचारावासा वाटतो. सिलोनच्या मळ्यांचे उत्पन्न बेभरवशाचे झाले होते आणि फोटो विकून घराला हातभार लागावा, अशी बाईंची इच्छा होती. त्यांनी शेकडो चित्रांचे हक्क नोंदवले, प्रदर्शने भरवली. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने चित्रे विकत घेतली आणि १८६८ साली कामासाठी खोल्याही दिल्या. तरीही अपेक्षित पैसा हाती आला नाही. व्यवसाय म्हणून पाहिले तर खाते तोट्याचे. पण डार्विन, कार्लाईल, टेनिसन यांचे चेहरे आज आपण ओळखतो, त्यात या तोट्याच्या खात्याचा वाटा मोठा आहे.

१८७५ साली पती-पत्नी सिलोनला परत गेले. तेथे बाईंनी मळ्यांतील मजुरांचेही फोटो काढले. त्यांतले थोडेच उरले आहेत, आणि थोरामोठ्यांची नावे इतिहासात राहिली तशी या मजुरांची राहिली नाहीत, ही खंत वाटते. २६ जानेवारी १८७९ रोजी सिलोनमध्येच त्यांचे निधन झाले.

जाण्यापूर्वी, १८७४ साली, त्यांनी आपल्या काचघराची छोटी बखर लिहायला घेतली होती. ती अपुरी राहिली आणि १८८९ साली छापली गेली. पुसलेला शेतकरी, हसलेले मूल, स्तब्ध बसलेली ॲनी हे सारे त्यातच आहे. ‘हौशी’ हा शब्द आपण थोडा हलक्याने वापरतो. हौशी माणसाला नुकसान आणि टीका सोसूनही काम सोडवत नाही, एवढे जरी या चरित्रातून ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.