फियाटचे वालचंदशेठ

एकेकाळी पनवेल बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होतं. घाटावरच्या आणि कोकणातल्या गाड्यांना इथली चाकं लागायची. ती चाकं गेली आणि मोटारी आल्या. मग जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर गॅरेजं, टायरवाले, वेल्डिंगवाले आले. याच रस्त्याने आपल्यापैकी कितीतरी जणी लहानपणी फियाटमधून लोणावळ्याला गेल्या असतील. पुढचा सोफा सलग, गिअर स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढे तिघं आरामात. मागे आई, मावशी आणि मांडीवर पोरं. खोपोलीचा घाट चढताना गाडी तापायची, मग बॉनेट उघडून पाण्याची बाटली काढायची.

ती गाडी बनायची मुंबईत, कुर्ल्याला. कारखान्याचं नाव प्रीमियर ऑटोमोबाइल्स. तो काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशी यांनी.

त्यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा. घर गुजराती जैन व्यापाऱ्यांचं, पण सोलापुरात मुरलेलं. तान्हेपणीच आई गेली. मुंबईला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी घेतली नाही. घरच्या व्यापारातही जीव रमला नाही. लक्ष्मणराव फाटक नावाचे रेल्वेतले एक माजी कारकून भेटले आणि दोघांनी मिळून ठेकेदारी सुरू केली. बार्शी लाइट रेल्वेचं काम हे पहिलं, साल 1903. कारकून आणि शेठजींचा मुलगा अशी भागीदारी त्या काळी घरच्यांना किती रुचली असेल, देव जाणे!

पुढे भोर घाटात रेल्वेचे बोगदे खोदायचं कामही त्यांच्याच कंपनीकडे आलं. कर्जतहून गाडीने लोणावळ्याला जाताना बोगद्यातला अंधार आला की मुलं ओरडतात ना, त्यात वालचंदांच्या कामाचाही वाटा आहे.

या माणसाला एका धंद्यात समाधान कधीच नव्हतं. पहिलं महायुद्ध संपल्यावर नरोत्तम मोरारजींबरोबर त्यांनी 'लॉयल्टी' हे जहाज विकत घेतलं. ते ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं, युद्धात इस्पितळ म्हणून वापरलेलं. 5 एप्रिल 1919 ला ते मुंबईहून लंडनला निघालं. भारतीय मालकीचं जहाज विलायतेला निघालं, ही तेव्हा मोठीच बातमी होती. आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय नौवहन दिन असतो. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बुडवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण सिंदिया कंपनी तगली. इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसलं. मालेगावजवळ रावळगावला दुसरा साखर कारखाना निघाला. शाळेच्या दारात आपण ज्या रावळगाव गोळ्या घेतल्या, त्याही याच घराण्याच्या. 1940 मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला. 1942 मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला, आजचं एचएएल ते हेच.

मोटारीचं मात्र सगळ्यात जास्त रखडलं. 1939 मध्ये ते अमेरिकेत फोर्ड कंपनीकडे गेले, बोलणी फिसकटली. क्रायस्लरने होकार दिला. म्हैसूर संस्थानाच्या मदतीने कारखाना काढायचं ठरत होतं, तर इंग्रज सरकारने खोडा घातला. लढाईच्या दिवसांत मोटारींना परवानगी नाही म्हणे! शेवटी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडल्या. डॉज, प्लिमथ, डीसोटो. म्हणजे भाग तिकडचे, जोडणी इकडची.

दोनच वर्षांनी, 1949 मध्ये, वालचंदांना पक्षाघात झाला. पुढच्या वर्षी ते कामातून बाजूला झाले. दुसऱ्या पत्नी कस्तुरबाई यांनी शेवटपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. एवढ्या उद्योगांच्या यादीत त्यांचं नाव क्वचित येतं. सांगलीच्या कॉलेजला मात्र ते दिलेलं आहे. 8 एप्रिल 1953 ला गुजरातेत सिद्धपूरला वालचंद वारले. सरकारने नुसत्या जोडणी करणाऱ्या परदेशी मोटार कंपन्यांना निरोप द्यायचं ठरवलं, तेही त्याच सुमारास. शिवडीला गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली, कुर्ल्याचा कारखाना राहिला. आपली फियाट पुढे तिथेच घडली. 1974 मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं. वालचंदांनी ही पद्मिनी पाहिलीच नाही.

2000 च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला निवृत्त झाली. बहुतेक गाड्या भंगारात गेल्या. पण काही जण त्यांना सोडायला तयार नाहीत. एखाद्या गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभी राहिलेली फियाट उचलून आणतात आणि दोन-दोन वर्षं तिच्या मागे लागतात. घरातल्या बाईला सुरुवातीला हे वेड वाटतं, आणि खरं सांगायचं तर ते थोडं असतंच. पैसा जातो, अंगणात जागा अडते, रविवार गॅरेजमध्ये जातो.

काम कसं चालतं? आधी पत्रा. कोकणच्या दमट हवेत तळाचा पत्रा सडलेला असतो, तो कापून नवा वेल्ड करायचा. मग कार्बोरेटर, ब्रेक, वायरिंग. बंपर आणि दिव्यांच्या कड्यांना पुन्हा क्रोम चढवायचा. दारांची रबरी पट्टी तर नवी करूनच घ्यावी लागते. गिअरचा दांडा स्टिअरिंगला असल्याने त्याचे सांधे ढिले झाले की गिअरच सापडत नाही, आणि तो बसवणारा जुना मिस्त्री शोधणं सगळ्यात कठीण. शंभर-दोनशे रुपयांच्या एका बिल्ल्यासाठी कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि चोर बाजारात चपला झिजवतात. हे लोक आपसातच देवघेव करतात. एकाकडे दोन जाळ्या, पण दिव्याची कडी नाही, दुसऱ्याकडे उलटं. मग अदलाबदल. आपण डब्याची झाकणं शेजारणीकडून जुळवून घेतो, तसंच की!

2021 मध्ये यासाठी नियमही झाला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून वेगळ्या नोंदीत जाते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नोंदणीचे वीस हजार रुपये भरायचे, आणि ती रोजच्या कामाला किंवा भाड्याने फिरवायची नाही. 1974 च्या पहिल्या पद्मिनींनी 2024 मध्ये पन्नाशी गाठली. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत, त्यामुळे जाळी हवी असेल तर भंगारवालाच गाठायचा.