शहरालाच वर्ग मानणारा प्राध्यापक

मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. देशातील हा पहिला विभाग. त्याच्या पहिल्या प्राध्यापकपदी ज्यांची नेमणूक झाली, ते स्कॉटिश गृहस्थ तेव्हा पासष्टीला आले होते आणि त्यांच्या नावापुढे एकाही विद्यापीठाची पदवी नव्हती. सर पॅट्रिक गेडिस हे नाव आपल्याकडे घेतले जाते ते नगररचनाकार म्हणून. गेडिस यांचे आयुष्य मात्र मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरले. विद्यार्थी स्वतः काही पाहील, मोजेल, उभारेल, असा विद्यापीठीय अभ्यासक्रम कसा आखावा, हा तो प्रश्न. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक आले असताना या माणसाचे यशापयश तपासून पाहण्याजोगे आहे.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. बालपण पर्थजवळच्या टेकडीवरील घरात गेले. वडील निवृत्त सैनिक. मुलाला घेऊन ते बागेत राबत आणि डोंगर पालथे घालीत. वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी गेडिस एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले आणि आठवडाभरातच बाहेर पडले. पुढे लंडनमध्ये टॉमस हक्सले यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काही वर्षे काढली. तेथे शिकणे म्हणजे सूक्ष्मदर्शक आणि विच्छेदन. पदवी घेण्याच्या फंदात मात्र ते पडले नाहीत.

१८७९ मध्ये नमुने गोळा करण्यासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी अधू झाली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत डोळे बांधून बसावे लागले. सूक्ष्मदर्शकावर आयुष्य काढू पाहणाऱ्या तरुणावर हा आघातच होता. त्या काळोखात खिडकीच्या चौकटी बोटांनी चाचपताना त्यांना एक युक्ती सुचली. कागदाला घड्या घालून चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनाला एकेक संकल्पना नेमून द्यायची. स्थळ, काम आणि लोक या तीन गोष्टी आडव्या-उभ्या मांडल्या की त्यांचे परस्परसंबंध दिसू लागतात. दृष्टी परत आली, पण पूर्वीइतकी नाही. कागदाच्या घड्यांची सवय मात्र जन्मभर राहिली.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर या दांपत्याने एडिंबरातील चांगली वस्ती सोडून जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या गलिच्छ चाळवजा इमारतीत बिऱ्हाड थाटले. भिंतींना सफेदी देणे, कचरा उपसणे, कुंड्या लावणे ही कामे त्यांनी शेजाऱ्यांच्या बरोबरीने केली. १८८७ मध्ये त्याच परिसरात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्याचा कारभार विद्यार्थ्यांनीच पाहायचा होता. वर अधीक्षक नेमलेला नव्हता. त्याच वर्षापासून उन्हाळी संमेलनेही सुरू झाली. त्यांत स्त्रियांना प्रवेश होता आणि परीक्षा नव्हती. सकाळी व्याख्यान झाले की दुपारी तोच विषय रानात, किनाऱ्यावर किंवा गल्लीबोळांत जाऊन पाहायचा, अशी सर्वसाधारण आखणी असे. लेखन, वाचन आणि अंकगणित या प्रचलित त्रयीऐवजी हृदय, हात आणि मेंदू असा क्रम त्यांनी धरला होता. मेंदू शेवटी येतो, हे लक्षात घ्यावे.

एडिंबरा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद १८८८ मध्ये त्यांना मिळाले नाही. जे. मार्टिन व्हाइट या स्नेह्याने दिलेल्या देणगीतून डंडी येथील महाविद्यालयात त्यांच्यासाठी अध्यासन निर्माण झाले. अट एवढीच, की शिकवायचे फक्त उन्हाळी सत्रात. ३१ वर्षे त्यांनी ते पद सांभाळले. महाविद्यालयाभोवती वनस्पतींची बाग लावून त्यांनी तिचीच वर्गखोली केली.

उरलेले नऊ महिने एडिंबरासाठी होते. तेथील किल्ल्याजवळचा जुना मनोरा त्यांनी १८९२ मध्ये ताब्यात घेतला. 'आउटलुक टॉवर' म्हणून तो ओळखला गेला. विद्यार्थ्यांना ते आधी भराभर जिने चढवून थेट गच्चीवर नेत. धाप लागलेल्या, रक्त सळसळणाऱ्या माणसाला दृश्य अधिक तीव्रतेने भिडते, अशी त्यांची समजूत होती. गच्चीवरून शहर दिसे, लगतच्या अंधाऱ्या खोलीत भिंगाच्या साहाय्याने त्याच शहराची हलती प्रतिमा मेजावर उमटे. मग एकेक मजला उतरत जायचे: एडिंबरा, स्कॉटलंड, इंग्रजी भाषक देश, युरोप आणि तळाला जग. शेजारी एक रिकामी कोठडीही होती. तीत केवळ एक खुर्ची. पाहिलेले सारे मनात लावण्यासाठी. आपल्याकडील पाठ्यपुस्तके जगापासून सुरू होऊन गावापर्यंत क्वचितच पोहोचतात, हे पाहता उलट्या दिशेचा हा अभ्यासक्रम आजही नवाच वाटतो.

व्यवहारात मात्र गेडिस कच्चे होते. इमारती घेण्याच्या सपाट्यात कर्ज एवढे वाढले, की १८९६ मध्ये स्नेह्यांना कंपनी काढून मालमत्ता सावरावी लागली.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये ते भारतात आले. नगररचनेचे त्यांचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मनीच्या 'एम्डेन' युद्धनौकेने बुडवले. मायदेशातील सहकाऱ्यांनी नवे साहित्य जमवून धाडले आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलेच. पुढची काही वर्षे ते भारतीय शहरांतून पायी हिंडत राहिले. जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी मोजकी घरे हलवून हवा-उजेडाला वाट करून द्यावी, असे त्यांचे अहवाल सांगत.

१९१७ हे वर्ष त्यांच्यावर कोसळले. थोरला मुलगा ॲलेस्टर एप्रिलमध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ॲना तेव्हा भारतात आजारी होत्या. गेडिस यांनी ती बातमी त्यांच्यापासून लपवली. जूनमध्ये कोलकात्यात त्यांचे निधन झाले. मुलगा गेल्याचे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

याच सुमारास होळकरांच्या इंदूरने त्यांना पाचारण केले. शहरात प्लेगचा धसका होता आणि नगररचनेच्या नावाने घरे पाडणारा साहेब म्हणून लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. गेडिस यांनी दिवाळीसाठी एक दिवसाचे महाराजपद मागून घेतले. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या भागातील घरे सर्वांत स्वच्छ असतील तेथून जाईल, असे जाहीर झाले. मग काय, गल्ल्यांमध्ये चुरस लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची अवाढव्य प्रतिमा होती, आणि शुभ्र वस्त्रे नेसलेले, हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. प्लेगचा फैलाव कसा होतो, हे ज्या शहराला व्याख्यानाने पटले नसते, त्याने ते आपल्या हातांनी केरसुणी धरून समजून घेतले. इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. त्यातील मोठा भाग नियोजित विद्यापीठाविषयी आहे. परीक्षा घेऊन पदव्या वाटणाऱ्या लंडन पद्धतीच्या विद्यापीठांवर त्यात कठोर टीका आहे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ नेमके त्याच साच्यातले होते, आणि पुढच्याच वर्षी गेडिस तेथे रुजू झाले.

विसंगती येथेच संपत नाही. विद्यार्थ्याने स्वतः शोधावे, असे मानणारा हा प्राध्यापक स्वतः मात्र अखंड बोलत असे. तेही दाढीत पुटपुटल्यासारखे, त्यामुळे मागच्या बाकांवर काही पोहोचत नसे. असे असूनही त्यांची कसोटी पाठांतराची नव्हती. मालवणात जन्मलेले संस्कृतचे पदवीधर गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्या व्याख्यानांना बसत. घुर्ये यांनी त्यांच्यासाठी जो निबंध लिहिला, त्याचा विषय होता नागरी केंद्र म्हणून मुंबई. राहत्या शहरावर लिहिलेल्या या निबंधामुळे त्यांना इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्ती मिळाली.

१९२४ मध्ये प्रकृती ढासळल्याने गेडिस यांनी मुंबई सोडली. विभागाची सूत्रे इंग्लंडहून परतलेल्या घुर्ये यांच्याकडे आली आणि पुढे १९५९ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. या काळात विभागाने देशाला नामवंत समाजशास्त्रज्ञ दिले. मात्र घुर्ये यांचा स्वतःचा पिंड ग्रंथ आणि संस्कृत साधनांचा होता, नगर-पाहणीचा नव्हे. गेडिस यांची पद्धत लेखी आराखड्यात बांधलेली नसून ती त्यांच्या व्यक्तिमत्त्वाला चिकटलेली होती. त्यामुळे ती त्यांच्याबरोबरच गेली, असे म्हणावे लागते.

फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांनी अखेरचा प्रयोग मांडला. 'कॉलेज दे एकोसे' या निवासी संस्थेत पुन्हा मनोरा आला, पुन्हा बाग आली. विद्यार्थी थोडेच आले. १९१२ मध्ये नाकारलेला 'सर' हा किताब १९३२ च्या आरंभी त्यांनी स्वीकारला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथेच त्यांचे निधन झाले.