कै. रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

भोपाळच्या तुलसीनगरात रविवारी प्रातःकाळी भजनपूजनास जमणाऱ्या भाविकांस हा वार आपोआपच मोकळा मिळाला, असे वाटणे साहजिक आहे. सरकारी कचेऱ्यांस तो इंग्रजी रिवाजाने मिळाला हे खरे. परंतु गिरणीतील श्रमिकाच्या पदरात तो कोणी आयता टाकला नाही. त्याचे श्रेय मुख्यत्वे कै. नारायण मेघाजी लोखंडे यांजकडे जाते.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घरची स्थिती बेताची. काही काळ इतरत्र नोकरी करून ते मुंबईच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले आणि श्रमिकांचे जिणे त्यांच्या नित्य दृष्टीस पडू लागले. सूर्य उगवला की यंत्र सुरू व मावळला की बंद, हाच गिरणीचा नियम. १८८१ च्या कायद्याने मर्यादा घातली ती केवळ बालकांच्या श्रमास. प्रौढ स्त्रीपुरुषांस त्याचा काडीइतका आधार नव्हता.

सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली काढलेले ‘दीनबंधू’ पत्र १८८० मध्ये नारायणरावांनी चालविण्यास घेतले. दीनबंधू हे तर भगवंताचेच नाव! त्या नावास शोभेल असे लोकशिक्षण त्यांनी या पत्रातून केले. ज्यांस कोणी शिकविले नव्हते, त्यांस स्वतःचे दुःख स्पष्ट शब्दांत मांडावयास शिकविले.

१८८४ साली त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ स्थापन केली. तिला ना घटना होती, ना निधी, ना सभासदांची नोंदवही. आजच्या अर्थाने तिला संघटना म्हणणे कठीणच. तरीही त्याच वर्षी सुमारे ५५०० श्रमिकांच्या सह्यांचा अर्ज सिद्ध झाला. दर रविवारी पूर्ण विश्रांती, मध्यान्ही अर्ध्या तासाची सुट्टी, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत वेतन आणि कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार, एवढेच मागणे होते. जन्माचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद व्हावी, असेही त्यात होते. ज्या घाटावरच्या व कोकणातल्या गरिबांनी ह्या सह्या केल्या, त्यांपैकी कित्येकांच्या घरी रविवार हा कुलस्वामी खंडोबाचा वार होता, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे.

अर्जास फळ येण्यास सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे दहा हजार श्रमिक एकत्र आले. त्या सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या मंडळाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने तीस बळकटी दिली आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले. प्रौढ पुरुषांचे तास मात्र १९११ पर्यंत अमर्यादच राहिले.

सरकारने नारायणरावांस रावबहादुर ही पदवी दिली. ती अंगावर मिरवीत बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेगने थैमान घातले आणि ज्यास शक्य होते तो शहर सोडून निघाला. नारायणराव रुग्णांच्या शुश्रूषेसाठी मागेच राहिले. त्या सेवेतच त्यांस प्लेगने गाठले व ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा देह पडला. वयाची पन्नाशी त्यांनी गाठली नव्हती.